दोन खोल्या, दोन एसी : एक स्वतः बसवलेला, एक कंपनीने बसवलेला

रविवार, ३ मार्च २०२४

मानेवाडा रस्त्यावरील आमच्या जुन्या दुमजली घरात आजवर एसी नव्हता. नागपुरात उन्हाळा कूलरवर काढायचा असतो, आणि एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत चांगल्या ताट्यांचा कूलर एसीच्या तुलनेत फारच कमी विजेत खोली थंड करतो, हे मी आजही मान्य करतो. तो हरतो जूनमध्ये, हवा दमट झाली की. बाबा आता ७८ वर्षांचे आहेत आणि गेल्या जूनमधील जवळजवळ दोन आठवडे त्यांना रात्री धड झोप मिळाली नाही. म्हणून तळमजल्यावरील त्यांच्या खोलीसाठी एक टनाचा नवा इन्व्हर्टर एसी घेण्याचे ठरले. त्याच सुमारास धाकटी बहीण नागपूरचा फ्लॅट सोडून पुण्याला निघाली आणि तिने आपला पाच वर्षे वापरलेला दीड टनाचा एसी आम्हाला देऊ केला. तो वरच्या खोलीत जाईल. ती खोली बारा फूट बाय अकरा फूट आहे, डोक्यावर थेट स्लॅब आहे आणि पश्चिमेची भिंत संध्याकाळी सातपर्यंत हाताला गरम लागते.

मी हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्यात देखभाल विभागात काम करतो. पंप, गिअरबॉक्स आणि कन्व्हेयर यांत वीस वर्षे हात काळे केले आहेत, परंतु एसीच्या नळीचा नट कधी उघडलेला नाही. नवे यंत्र कंपनीच्याच माणसाने बसवले पाहिजे, कारण त्याची हमी त्यावर अवलंबून आहे. जुन्या यंत्राची हमी संपली आहे, त्यामुळे ते मी स्वतः बसवीन. दोन्ही कामांच्या नोंदी याच वहीत ठेवायच्या आहेत.

शनिवार, ९ मार्च

टेक्सासमध्ये राहणाऱ्या पुतण्याशी आज फोनवर बोलणे झाले. त्याने गेल्या वर्षी गॅरेजमध्ये असाच एसी स्वतः बसवला. तिथे स्वतः बसवण्याकरिता म्हणून खास संच मिळतात. त्यांतील कॉपर पाइप कारखान्यातच जोडणीसह तयार केलेला आणि गॅसने भरलेला असतो. नट आवळले की आतील झडप उघडते, त्यामुळे व्हॅक्यूम करण्याची, म्हणजे पंपाने नळीतील सगळी हवा ओढून काढण्याची, गरज पडत नाही. अडचण एवढीच, की ही नळी कापता येत नाही आणि जास्तीची लांबी यंत्रामागे वेटोळे करून ठेवावी लागते. अशा संचांमागे दोन कारणे आहेत. गॅसचे मंडल उघडणाऱ्या माणसाकडे तेथील स्वच्छ हवा कायद्याच्या कलम ६०८ खालील प्रमाणपत्र असावे लागते, हे एक. दुसरे कारण मजुरीचे. पुतण्याला बसवण्याचा जो खर्च सांगण्यात आला, तो यंत्राच्या किमतीच्या दुपटीहून अधिक होता.

आपल्याकडे हे गणित नेमके उलटे आहे. पस्तीस-चाळीस हजारांचे यंत्र बसवायला स्टँड आणि जादा नळी धरूनही चार-पाच हजारांच्या आतबाहेरच लागतात. त्यामुळे इथे हे काम स्वतः करून फारसे पैसे वाचणार नाहीत, हे मी सुरुवातीलाच लिहून ठेवतो, म्हणजे शेवटी हिशेब जुळवताना मनाची फसवणूक होणार नाही. मला हवा आहे तो वेळ. ऐन हंगामात दिवसाला सहा-सात ठिकाणी जाणारा माणूस एका जोडणीला जेवढा वेळ देऊ शकत नाही, तेवढा मी देऊ शकतो. तो वेळ कौशल्याची जागा घेऊ शकेल का, हे मला आज माहीत नाही.

रविवार, १७ मार्च

जागा ठरल्या. वरचे आउटडोअर युनिट पश्चिमेच्या भिंतीवर टांगणे सोपे होते, कारण नळी दीड मीटरच लागली असती. तरीही ते टाळले. एसीची क्षमता बाहेर ३५ अंश तापमान असताना मोजून पाटीवर लिहिलेली असते आणि मे महिन्यात आमच्या पश्चिमेच्या भिंतीजवळची हवा त्याहून दहा-बारा अंशांनी तापलेली असते. शिवाय माहितीपुस्तिकेत नळीची किमान लांबी तीन मीटर दिली आहे. म्हणून युनिट उत्तरेच्या छज्जाजवळ, कठड्याच्या सावलीत बसेल आणि नळी चार मीटर लागेल.

दोन्ही खोल्यांच्या भिंतींना कोअर कटिंगवाल्याकडून ६५ मिलिमीटरची भोके पाडून घेतली. भिंती नऊ इंची विटांच्या आणि चुन्याच्या गिलाव्याच्या आहेत, त्यामुळे हातोडी-ड्रिलने भोक पाडले असते तर पलीकडचा गिलावा ताटाएवढा सुटला असता. भोकाला बाहेरच्या बाजूने साधारण एक सेंटिमीटर उतार ठेवायला सांगितला. बाहेरील पावसाचे पाणी आत येऊ नये आणि आतील पाणी बाहेर जावे, एवढाच त्याचा हेतू. कारागिराला ते पटले नाही, पण त्याने केले.

शनिवार, २३ मार्च

विजेचे काम परवानाधारक वायरमनकडून करून घेतले. यात हौस आड येऊ द्यायची नाही, असे ठरवलेलेच होते. बोर्डापासून दोन्ही खोल्यांना चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर, प्रत्येकी २० अँपिअरचा ‘सी’ प्रकारचा एमसीबी (जादा प्रवाह आला की आपोआप पडणारी कळ), आणि बिलावरील मंजूर भार पुरेसा आहे ना याची खात्री, एवढी कामे झाली. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात १४ व्होल्ट दिसले तेव्हा वायरमनने मान हलवली. अंगणातील अर्थिंगचा खड्डा माझ्या आठवणीत कोणी उघडलेला नव्हता. माती कोरडी ठणठणीत झाली होती. कोळसा-मीठ घालून चार बादल्या पाणी ओतल्यानंतर आकडा दोनवर आला. आता उन्हाळाभर दर रविवारी एक बादली पाणी.

रविवार, ३१ मार्च

बहिणीच्या फ्लॅटवरील एसी आज उतरवला. हे काम मी स्वतः केले नाही. उतरवण्याआधी यंत्रातील सगळा गॅस आउटडोअर युनिटमध्ये ओढून कोंडावा लागतो. बारीक नळीची झडप बंद करायची, यंत्र चालू ठेवायचे, दाब शून्याजवळ आला की जाड नळीची झडप बंद करून यंत्र लगेच थांबवायचे, असा त्याचा क्रम आहे. क्रम चुकला किंवा नट ढिला असताना यंत्र चालू राहिले, तर कंप्रेसर हवा ओढतो. तेल, हवा आणि दाब एकत्र आले की डिझेल इंजिनात जे घडते तेच आत घडते. जपानमध्ये घरगुती एसी उतरवताना याच कारणाने कंप्रेसर फुटल्याच्या घटना घडलेल्या आहेत. या यंत्रातील बत्तीस नंबरचा (आर-३२) गॅस स्वतःही थोडासा ज्वलनशील आहे.

म्हणून ओळखीतून एका फिटरला बोलावले. त्याने दाब मोजणारा गेज लावलाच नाही. झडप फिरवली, यंत्राचा आवाज ऐकत दोन मिनिटे उभा राहिला, दुसरी झडप फिरवली आणि यंत्र बंद करायला सांगितले. नट उघडताना दहा-बारा सेकंद फुस्स असा आवाज येत राहिला. ‘नळीतला उरलासुरला असतो,’ असे तो म्हणाला. मी मान डोलावली आणि उघड्या तोंडांना टोपणे लावण्यात गुंतलो. यंत्र रिक्षातून उभेच आणले, आडवे केले नाही.

रविवार, ७ एप्रिल

आज दोन कामे झाली. पहिले सोपे होते. इनडोअर युनिटची पट्टी पाणसळ लावून भिंतीला ठोकली, कठड्याला स्टँड बसवला, भाच्याच्या मदतीने आउटडोअर युनिट त्यावर चढवले आणि पायांखाली रबराचे तुकडे दिले. यात देखभाल विभागातील कोणीही माणूस चुकणार नाही.

दुसरे काम फ्लेअरचे. एसीच्या नळ्या झाळून जोडत नाहीत. तांब्याच्या नळीचे टोक तुतारीच्या तोंडासारखे पसरवतात आणि ते पितळी नटाने सांध्याच्या शंकूवर आवळतात. तांबे आणि पितळ एकमेकांवर दाबले जातात, मध्ये वॉशर नसतो, सील नसते, काहीही नसते. गॅस वर्षानुवर्षे आत राहील की नाही, हे त्या मिलिमीटरभर कडेवर ठरते. आमच्या यंत्राला दोन सूत आणि चार सूत अशा दोन नळ्या आहेत, म्हणजे पाव इंची आणि अर्धा इंची. दोन सुतीचे तोंड साधारण ९ मिलिमीटर आणि चार सुतीचे साडेसोळा मिलिमीटरच्या आसपास पसरले पाहिजे.

पहिला फ्लेअर मी अत्यंत मन लावून केला. चाकाच्या कटरने हळूहळू कापला, टोक खाली धरून आतील बुरा (कापताना उठलेली धारदार कड) काढला, साच्यात पकडला, शंकूवर तेलाचा थेंब दिला, दांडा सावकाश फिरवला. तोंड आरशासारखे उमलले. मग लक्षात आले की नट नळीत घालायचाच राहिला. तोंड कापून टाकले. दुसरा फ्लेअर एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद निघाला, कारण कटर तिरका धरला गेला होता. तिसऱ्याला कडेवर केसाएवढी चीर गेली. भिंगाखाली पाहिली नसती तर ती दिसलीही नसती. संध्याकाळपर्यंत जमिनीवर नऊ तांब्याच्या तुताऱ्या पडल्या होत्या आणि मनासारखे चार फ्लेअर नळ्यांवर तयार होते. सौ. त्या तुताऱ्या बाजूला झाडून म्हणाल्या, की भांडेवाल्याला दिल्या तर निदान एक वाटी येईल.

गुरुवार, ११ एप्रिल

ईदची सुट्टी असल्याने घरी होतो आणि कंपनीकडून बाबांच्या खोलीचा एसी बसवायला दोन तरुण आज आले. कंपनीचे नाव लिहिण्याचे कारण नाही, कारण जे पाहिले ते कोणत्याही कंपनीच्या हंगामी कामात दिसू शकेल.

भोक तयार, वायर तयार, आउटडोअरची जागा तयार, हे पाहून त्यातील मोठ्याचा चेहरा उजळला. पाऊण तासात दोन्ही युनिटे जागेवर होती. त्याचा फ्लेअर मी शेजारी उभे राहून पाहिला. कटर, बुरा, नट, साचा, दांडा, सगळे मिळून एक मिनिटही लागले नाही. तोंडावरून त्याने अंगठा फिरवला आणि नट लावला. भिंगाखाली पाहण्यासारखे त्यात काही नव्हते. माझ्या नवव्या तुतारीपेक्षाही तो एकसारखा होता. न राहवून मी वरच्या नळीचे एक टोक त्याला दाखवले. त्यावरूनही त्याने अंगठा फिरवला. ‘काका, बुरा काढला ते बरं केलं, पण जरा जास्तच खरवडला. कड पातळ झाली. आवळताना फाटंल ही.’ त्याच्या अंगठ्याला जे कळले, ते माझ्या भिंगाला दिसले नव्हते.

यानंतर मात्र तो थेट झडपेकडे वळला. नळीतील हवा काढण्यासाठी यंत्रातील थोडा गॅस सोडून ती ढकलून द्यायची, ही त्याची पद्धत. पंप आणला नाही का, असे मी विचारले. ‘काका, कायले एवढा वेळ घालवता? गॅसनं हवा काढली का झालं काम. सगळे असंच करतात.’ सगळे असेच करतात, यात त्याने काही खोटे सांगितले नाही. पण अशाने नळीच्या भिंतीला चिकटलेला ओलावा जात नाही. इन्व्हर्टर यंत्रातील तेल तो ओलावा स्पंजासारखे शोषते, त्याचे हळूहळू आम्ल होते आणि ते कंप्रेसरच्या वेटोळ्यांवरील लेप खात राहते. यंत्र पहिल्या दिवशी उत्तम थंड करते. बिघाड होतो तिसऱ्या-चौथ्या वर्षी, आणि तेव्हा बसवणाऱ्याचे नावही कोणाला आठवत नाही.

मी हे त्याला व्याख्यान देऊन सांगितले नाही. पंप असेल तेव्हाच झडप उघडू, तोवर चहा घ्या, एवढेच म्हणालो. पंप दुसऱ्या गाडीत होता. आज आणखी पाच ठिकाणी जायचे आहे आणि पैसे ठिकाणांवर मिळतात, तासांवर मिळत नाहीत, असे त्याने चहा घेताना सांगितले. रात्री साडेआठला तो एकटाच पंप घेऊन परत आला, याबद्दल मी त्याचा आभारी आहे. कारखान्यातील चिलर (थंड करणारी मोठी यंत्रे) विभागाकडून उसना आणलेला मायक्रॉन गेज, म्हणजे अतिशय कमी दाब मोजणारे उपकरण, मी जोडला. वातावरणाचा दाब ७,६०,००० मायक्रॉन असतो आणि तो ५०० च्या खाली नेला की पाणी उणे २४ अंशांच्या आसपासही उकळून वाफ होते, म्हणजे नळीतील ओलावा पंपाला ओढून घेता येतो. त्याने वीस मिनिटांनी पंप बंद करायला हात पुढे केला, तेव्हा गेज १,४०० दाखवत होता. आणखी पंचवीस मिनिटांनी ४८० आला. तो गेजकडे बराच वेळ पाहत राहिला. असा गेज केवढ्याला मिळतो, असे त्याने जाताना विचारले.

एक त्रुटी राहिली. बाबांच्या खोलीची ड्रेनची नळी छज्जाखाली झोळीसारखी लोंबत होती. पाणी तिथे साचून उलटे आत येईल. ती मी रात्रीच दोन क्लॅम्प मारून सरळ केली.

शनिवार, १३ एप्रिल व रविवार, १४ एप्रिल

काल वरच्या नळ्यांचे दोन फ्लेअर कापून पुन्हा केले. या वेळी बुरा फक्त काढला, खरवडला नाही. मग टॉर्क पान्याने चारही नट आवळले. दोन सुतीला सुमारे १६ न्यूटन मीटर, चार सुतीला ५५. दुसऱ्या हातात उलटा धरलेला पाना हवाच, नाहीतर नटाबरोबर नळीही पिळली जाते.

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता, आउटडोअरच्या झडपा बंद ठेवून, रेग्युलेटरमधून नळ्यांत ३५० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाने नायट्रोजन भरला. इथे नायट्रोजनच वापरायचा, ऑक्सिजन कधीही नाही, कारण दाबाखालील ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होऊ शकतो. साबणाच्या पाण्याचा एकही बुडबुडा आला नाही. निश्चिंत झोपलो.

रविवारी पहाटे सहाला गच्चीवर गेलो तर गेजवर ३३६. चौदा पीएसआय कमी. साबण पुन्हा फासला, भिंग आणले, सगळे सांधे बोटाने चाचपले, काही सापडले नाही. शेवटी वहीत हिशेब मांडला. काल संध्याकाळी गच्चीवर ३९ अंश होते, आज पहाटे २७. वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात घटतो. त्यामुळे ३५० मध्ये वातावरणाचे १४.७ मिळवायचे, ३०० भागिले ३१२ ने गुणायचे आणि पुन्हा १४.७ वजा करायचे. उत्तर बरोबर ३३६ आले. दुपारी दोनला गच्ची ४१ अंशांवर गेली, तेव्हा गेजचा काटा ३५० च्या थोडा पुढे उभा होता. हा हिशेब सुचला नसता तर मी चारही चांगले फ्लेअर कापून फेकले असते.

शुक्रवार, १९ एप्रिल

मतदान करून नऊला घरी आलो आणि व्हॅक्यूम सुरू केला. पंप दोन तास चालला आणि गेज ४२० वर आला. पंप वेगळा करून पंधरा मिनिटे थांबलो. आकडा ६१० पर्यंत चढला आणि तिथेच थांबला. नळी गळत असती तर तो चढतच राहिला असता. ऍलन कीने बारीक नळीची झडप उघडली, नंतर जाड. दुपारी एकला यंत्र सुरू झाले. खोली थंड झाली, पण कौतुकाने पाहण्याच्या नादात मी जाळीपुढील तापमान मोजले नाही. ही चूक नोंदवून ठेवतो.

रविवार, ५ मे

वरची खोली दुपारी थंड होत नाही. बाहेर ४३ अंश असताना आत ओढली जाणारी हवा ३३ अंशांची आणि बाहेर फेकली जाणारी २४ अंशांची होती, म्हणजे फरक नऊ अंशांचा. खाली बाबांच्या खोलीत हाच फरक चौदा आहे.

पहिला संशय अर्थातच माझ्या फ्लेअरवर. साबण फासला, काही नाही. मग आउटडोअरकडे गेलो तर ४३ अंशांच्या उन्हात दोन सुतीच्या झडपेवर पांढरा बर्फ चढलेला होता. अशा यंत्रांत गॅसचा दाब पाडणारी योजना आउटडोअर युनिटमध्येच असते. गॅस कमी असला की तो बारीक नळीतच अतिथंड होतो आणि खोलीपर्यंत पोचायच्या आधीच आपले बळ खर्च करतो. बर्फाकडे पाहताना ३१ मार्चचा तो फुस्स आवाज आठवला. मी शेजारी उभा होतो, आवाज ऐकत होतो, आणि टोपणे शोधत होतो.

रविवार, १२ मे

आमच्या कारखान्याच्या चिलरचे काम पाहणाऱ्या कंत्राटदाराकडील एका अनुभवी तंत्रज्ञांना विनंती केली. वयाने ते माझ्याहून मोठे आहेत आणि त्यांना सगळे दादा म्हणतात. दाब पाहून अंदाजाने थोडा गॅस टाका, असे मी म्हणालो. दादांनी नकार दिला. ते म्हणाले की हा गॅस मिश्रण नाही, एकाच द्रव्याचा आहे, त्यामुळे वरून भरला तरी प्रमाण बिघडत नाही, पण आत किती आहे हे माहीत नसताना किती टाकायचा हे कोण सांगणार? इन्व्हर्टर यंत्राचा दाब त्याच्या वेगाबरोबर वरखाली होतो, म्हणून तिथे वजनकाटाच लागतो.

गच्चीच्या उघड्या जागी, आसपास ठिणगी उडेल असे काही नाही हे पाहून, त्यांनी रिकव्हरी यंत्राने सगळा गॅस रिकाम्या सिलिंडरमध्ये काढला. पाटीवर ८५० ग्रॅम लिहिलेले होते. काट्यावर ५९० भरले. कमी भरलेले २६० ग्रॅम सगळे त्या बारा सेकंदांतच गेले, असे म्हणता येणार नाही. पाच वर्षांत काही थोडे आधीही गेले असेल. पण या गॅसचा उष्णता धरून ठेवण्याचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट आहे. म्हणजे जवळजवळ पावणेदोनशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडल्यासारखे ते झाले. पुन्हा व्हॅक्यूम केला, काट्यावर ८५० ग्रॅम मोजून भरले आणि अर्ध्या तासाने मोजले. आत येणारी हवा ३१, बाहेर पडणारी १७. फरक चौदा. झडपेवरील बर्फ गेला होता.

दादांनी माझे फ्लेअर पाहिले आणि काही बोलले नाहीत. मी ते प्रशस्तिपत्र समजतो.

शनिवार, २५ मे

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, आजपासून. हिशेब लिहून टाकतो. वरच्या एसीला नळी व आवरण ३,६००, फ्लेअरिंग टूल २,६००, टॉर्क पाना ३,८००, स्टँड व फास्टनर १,०५०, उतरवणे ८००, दादांचा गॅस व मजुरी २,८०० असे मिळून १४,६५० रुपये लागले. व्हॅक्यूम पंप, गेज, नायट्रोजन हे सगळे उसने होते. विकत घेतले असते तर आणखी पंधरा हजार तरी गेले असते. खालच्या एसीला कंपनीने स्टँड, जादा नळी आणि ड्रेन धरून ३,९०० घेतले. वीज आणि भोके दोन्हीकडे सारखीच. शेजारच्या काकूंनी विचारले तेव्हा मी त्यांना भोक, वायर, अर्थिंग आणि आउटडोअरची जागा आधी तयार ठेवा, फ्लेअर येणाऱ्या मुलालाच करू द्या, आणि पंप गाडीतून खाली उतरल्याशिवाय झडपेला हात लावू देऊ नका, असे सांगितले. मायक्रॉन गेज माझ्याकडून न्या, असेही म्हणालो.

रविवार, ९ जून

३० मे रोजी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश तापमान नोंदले गेल्याची बातमी देशभर फिरली. शहरातील इतर काही केंद्रे त्या दिवशी ४४ च्या आसपास होती आणि हवामान खात्याने नंतर त्या केंद्राचा संवेदक बिघडल्याचे सांगितले. ती बातमी वाचून मला एकदम उसन्या मायक्रॉन गेजची आठवण झाली. महिनाभर मी त्याच्या आकड्यावर भिस्त ठेवली, तो मात्र कधी पडताळून पाहिला नव्हता. काल परत करण्याआधी तो चिलर विभागातील दुसऱ्या गेजला समांतर जोडून पाहिला. ५०० च्या जवळ दोघांत २० मायक्रॉनचा फरक आला. चालण्यासारखा आहे.

बाबा एसी २७ अंशांवर आणि पंखा एकवर ठेवतात. मुळात यंत्र २४ वर सुरू होते, ते त्यांना पटत नाही.

उरलेली कामे : खालच्या आउटडोअरच्या स्टँडचा एक वॉशर कंपनीच्या मुलाने लावलेलाच नाही, तो आणायचा. वरच्या सर्व्हिस पोर्टच्या (गेज जोडण्याच्या तोंडाच्या) टोपणातील रबर पाहायचे. दोन्ही जाळ्या २३ तारखेला धुवायच्या. पुण्याच्या घरात एसी बसवताना कोणाला बोलवायचे, असे बहिणीने विचारले आहे, तिला रात्री फोन करायचा.